ज्ञातीने अव्हेरलेली कन्या : पंडिता रमाबाई

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत प्रतिवर्षी ज्ञातीतील एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. आजवर या पृष्ठांतून न्यायमूर्ती, सेनानी, क्रांतिकारक, गणिती व नाटककार अशा अनेकांची चरित्रे आपण वाचली. यंदा हे काम आमच्याकडे आले तेव्हा आम्ही पंडिता रमाबाईंचे नाव सुचविले. ते ऐकून एका वयोवृद्ध सभासदांनी आम्हांस विचारले की, ज्या बाईंनी आपला धर्म सोडला त्यांचे चरित्र ज्ञातीच्या अंकात कशासाठी? प्रश्न सरळ होता व त्यामागे दुष्टावा नव्हता. एका वाक्यात त्याचे उत्तर देणे आम्हांस जमले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभीच एक खुलासा करतो. आम्ही पूर्वजांच्या धर्मातच समाधानी आहोत, आणि कुणी धर्मांतर करावे असे सांगण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. परंतु एखाद्या विदुषीस आपल्या घरी जो मान मिळाला नाही तो शोधीत दूर जावे लागले असेल, तर ती का गेली हे घरच्या माणसांनी तरी समजून घेतले पाहिजे, असे आम्हांस प्रामाणिकपणे वाटते.

रमाबाई जन्माने आपल्याच ज्ञातीच्या, डोंगरे कुळातील. त्यांचे वडील अनंतशास्त्री हे मोठे वैदिक पंडित. तरुणपणी पुण्यास विद्यार्जन करीत असता त्यांचे गुरू रामचंद्रशास्त्री साठे हे दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पत्नीस संस्कृत शिकवीत. स्त्रीच्या मुखातून शुद्ध गीर्वाणवाणी ऐकून शास्त्रीबोवांच्या मनाने घेतले की, आपणही आपल्या पत्नीस ही विद्या द्यावी. पुढे द्वितीय पत्नी लक्ष्मीबाई यांना त्यांनी ती दिली. त्याबद्दल उडुपी येथे धर्मपंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. स्त्रियांना संस्कृत शिकविण्यास शास्त्राची आडकाठी नाही, हे त्यांनी ग्रंथाधारे सिद्ध केले. तरी लोकांचा रोष शमला नाही. अखेर लोकवस्ती सोडून पश्चिम घाटातील गंगामूळ येथे रानात त्यांनी आश्रम बांधला. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

अतिथिसेवेत शास्त्रीबोवांचे द्रव्य संपले व कर्ज झाले. रमाबाई काही महिन्यांच्या असतानाच कुटुंब तीर्थयात्रेस बाहेर पडले ते कायमचेच. तीर्थक्षेत्री, देवळाच्या ओवरीत पुराण सांगावे, श्रोते जे देतील त्यावर निर्वाह करावा, असा तो जीवनक्रम होता. रमाबाईंना आईनेच शिकविले. पहाटे, दिवसाची कामे सुरू होण्यापूर्वी, माउली मुलीला मांडीशी घेऊन श्लोकांची संथा देई. अशा रीतीने भागवत मुलीच्या मुखोद्गत झाले. थोरल्या मुलीच्या बालविवाहाचा परिणाम दुःखद झाल्याने अनंतशास्त्र्यांनी धाकटीचे लग्न लहानपणी केले नाही. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

पुढे दक्षिणेत दुष्काळ पडला. पुराणिकास भिक्षा घालण्याइतके धान्य लोकांपाशी उरले नाही, आणि अंगमेहनतीचे काम करण्याची वा उघड भीक मागण्याची सवय या कुटुंबास नव्हती. होते नव्हते ते विकून झाले, व्रते झाली, अनुष्ठाने झाली. दिवसचे दिवस रानातील पाल्यावर काढले. १८७४ मध्ये प्रथम अनंतशास्त्री गेले, नंतर थोड्याच आठवड्यांत लक्ष्मीबाई, आणि त्यांच्यामागून थोरली बहीण. मातोश्रींना स्मशानात नेण्यास चार माणसे मिळेनात. कसेबसे दोन ब्राह्मण तयार झाले, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथी जागा रमाबाईंनी भरून काढली. वय अवघे सोळा वर्षांचे.

त्यानंतर बहीणभावांनी पायी हिंदुस्थान पालथा घातला. १८७८ मध्ये ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची ही मुलगी अस्खलित संस्कृतात बोलते हे पाहून तेथील पंडित थक्क झाले. त्यांनी परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. स्त्रीला असा बहुमान मिळाल्याचे त्या पिढीने पाहिले नव्हते.

वाचकहो, सामान्यतः चरित्रकार या प्रसंगावर थांबतात व टाळी घेतात. आम्हांस मात्र त्याच्या पुढची हकीकत अधिक महत्त्वाची वाटते. पडद्यातील बायकांना त्यांचे धर्म समजावून सांगावेत अशी विनंती कलकत्त्याच्या मंडळींनी रमाबाईंना केली. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ मुळातून वाचावयास घेतले. पुढे लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी सांगितले आहे की, या ग्रंथांचा अनेक बाबतींत परस्परांशी मेळ नाही, परंतु एका बाबतीत सर्वांचे एकमत दिसले. स्त्री ही स्वभावतः अपवित्र व अविश्वसनीय, तिला वेदांचा अधिकार नाही, पुरुषासारखा मोक्षही नाही. पतीची सेवा हाच तिचा देव. शूद्रांविषयीही असाच निवाडा. शास्त्रांचा हा अर्थ पूर्ण आहे की नाही याची चर्चा विद्वानांनी करावी. आम्हांस इतकेच दिसते की, ज्या मुलीला पंडितांनी सरस्वती म्हटले, तिच्या वाचनात आले की आपण ज्या विद्येत पारंगत आहोत त्या विद्येच्या दृष्टीने आपली किंमत काहीच नाही. या दोन गोष्टींचा मेळ घालणे तिला शक्य झाले नाही.

१८८० मध्ये भाऊ श्रीनिवासही वारला. त्याच वर्षी १३ जून रोजी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात निराळी, प्रांत निराळा. दोन्हीकडची मंडळी दुरावली. आसामात सिल्चर येथे त्यांनी संसार थाटला. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली, आणि ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीच्या विकाराने पती निवर्तले. विवाहास दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. याच घरी पतीच्या पुस्तकांत त्यांना बंगाली भाषेतील लूकचे शुभवर्तमान सापडले होते. ते त्यांनी जिज्ञासेने वाचले, पण त्या वेळी वाचन हे वाचनच राहिले.

तान्ही मुलगी घेऊन त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे प्रभृती सुधारक मंडळींनी त्यांचे स्वागत केले. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, आणि हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर हवेत अशी मागणी केली. पुण्यातच त्यांनी बालविधवांची स्थिती जवळून पाहिली. त्या स्वतःही विधवा होत्या. फरक इतकाच की त्यांच्यापाशी विद्या होती.

येथे आमच्या घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या लहानपणी घरात आजोबांच्या एक वृद्ध भगिनी होत्या. बाराव्या वर्षी वैधव्य आले म्हणून माहेरी आणलेल्या. केशवपन केलेले, अंगावर आलवण, एकभुक्त. पहाटेपासून रात्रीपर्यंत घरातील सर्व कष्टाची कामे त्या करीत; पण मंगलकार्य असले की माजघराबाहेर येत नसत, आणि सकाळी कामास निघालेल्या माणसासमोर आपण येऊ नये म्हणून स्वतःच दाराआड होत. त्यांना कुणी मारले नाही, उपाशी ठेवले नाही. आम्ही सर्व त्यांना आतेआजी म्हणत असू. त्यांचे खरे नाव आम्हांस त्या गेल्यानंतर, दहाव्याच्या दिवशी भटजींनी विचारले तेव्हा कळले. रमाबाईंचे चरित्र आम्ही जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा तो प्रसंग डोळ्यांपुढे येतो.

असो. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे या हेतूने १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या व वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. ऐकू कमी येत असल्याने डॉक्टर होण्याचा बेत सिद्धीस गेला नाही. पण तेथे जे त्यांनी पाहिले त्याने त्यांचे जीवन पालटले. मठाच्या भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलहॅम येथील एका आश्रमात पाठविले. ज्यांना समाज पतिता म्हणतो अशा स्त्रियांचा सांभाळ तेथे होत असे. कुलीन घराण्यांतील भगिनी त्यांची शुश्रूषा करीत, त्यांना काम शिकवीत, आणि सुधारलेल्या स्त्रिया पुढे इतर पीडितांच्या सेवेस लागत. रमाबाईंना याचे नवल वाटले. आपल्या देशात अशा स्त्रीला प्रायश्चित्ताचीही वाट ठेवलेली त्यांनी पाहिली नव्हती. हे लोक असे का वागतात, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. ती स्त्री परजातीची व लोकापवादास पात्र झालेली. तरी ख्रिस्त विहिरीपाशी तिच्याकडे पाणी मागतो आणि ईश्वराच्या खऱ्या उपासनेविषयी तिच्याशीच बोलतो. ज्ञानाचा अधिकार तिला आहे की नाही, हा प्रश्नही तो काढीत नाही.

पंडितेला आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. स्त्रीला मूल्य आहे ते विद्येमुळे नव्हे, पतीमुळे नव्हे, शुद्ध आचरणामुळेही नव्हे. ईश्वराने तिला निर्माण केले व तो तिच्यावर प्रीती करतो, एवढे कारण पुरेसे आहे. काशीचे पंडित व पुढे ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोरे यांच्या पत्रांनी त्यांच्या बुद्धीचे समाधान केले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

ही वार्ता पुण्यास आली तेव्हा मोठा गहजब झाला. परदेशी आश्रयाला भुलून बाईंनी धर्म विकला, असे बोलले गेले. या आरोपाचे उत्तर रमाबाईंच्या पुढील वर्तनातच आहे. ज्या भगिनींच्या घरी त्या राहत होत्या, ज्यांचे अन्न खात होत्या, त्यांच्याशीही त्या नमल्या नाहीत. मांसाहार त्यांनी स्वीकारला नाही. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असा वाद त्यांनी घातला. ख्रिस्ती तत्त्वांपैकी जी पटली नाहीत ती पटली असे खोटे म्हटले नाही. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या संस्कृत शिकवीत असता त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांस शिकवू नये असे बिशपांचे मत पडले, तेव्हा त्यांनी कळविले की माझ्या पित्याने वा पतीने कधी अशी हरकत घेतली नाही, ती इंग्रजांनी घ्यावी याचे आश्चर्य वाटते. गुरुस्थानी असलेल्या भगिनींना त्यांचा हा स्वभाव गर्विष्ठ वाटला. आमच्या मते तो गर्व नव्हता. ईश्वरापुढे आपले मोल समजल्यावर माणसापुढे वाकण्याचे कारण उरत नाही, इतकेच ते होते. विकला गेलेला मनुष्य धन्याशी असा वाद घालीत नाही.

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेला ग्रंथ १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. गावोगाव व्याख्याने देऊन त्यांनी साहाय्य मिळविले, आणि बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढील वर्षी ते पुण्यास आणले. सदनात धर्माच्या बाबतीत कुणावर सक्ती करावयाची नाही, असे ठरले होते, आणि ज्या मुलींना आपले सोवळे-ओवळे पाळावयाचे त्यांना ते पाळता येई. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई यांच्याशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला. पुढे अण्णासाहेबांनी हिंगण्यास जे कार्य उभारले त्याचे आपण रास्त कौतुक करतो. पण त्या आधी ती वाट कुणी मळली हे विसरतो.

त्याच १८९३ साली वादळ उठले. रमाबाई आपल्या खोलीत दार उघडे ठेवून प्रार्थना करीत व काही मुली तेथे जाऊन बसत. पालकांना हा विश्वासघात वाटला. रानडे व भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, वृत्तपत्रांतून कडक टीका झाली, आणि सुमारे वीस-पंचवीस मुलींना घरी नेण्यात आले. येथे दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. ज्यांनी विश्वासाने मुली पाठविल्या त्यांचा रोष अकारण होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एक प्रश्न उरतो. ज्या मुलींना आपण परत नेले त्यांपैकी कितींना आपण शिकविले, आणि कितींना आमच्या आतेआजीप्रमाणे दाराआड उभे केले?

रमाबाईंनी स्वतःविषयी लिहिताना एक मनोज्ञ कबुली दिली आहे. बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो पुढे सुमारे आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास मिळाला. तोवर त्यांची श्रद्धा बुद्धीत होती, ती आता अंतःकरणात उतरली. यानंतर त्यांच्या कार्याचे स्वरूपही पालटले. शारदा सदन मुख्यतः वरिष्ठ जातींच्या विधवांसाठी होते. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा रमाबाईंना आपल्या आईबापांचे मरण आठवले. त्या स्वतः तेथे गेल्या आणि भुकेने सांगाडा झालेल्या, वाईट माणसांच्या हाती पडू पाहणाऱ्या मुलींना घेऊन आल्या. जात विचारली नाही. पुण्यात प्लेग असल्याने त्यांची सोय केडगावच्या माळावर घेतलेल्या जमिनीत केली. तेच मुक्ती सदन होय. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या २००० च्या घरात गेली.

या स्त्रियांना त्यांनी केवळ अन्न दिले नाही. विणकाम, शिवणकाम, शेती, गोपालन, तेलघाणा व छापखाना अशी कामे त्या शिकल्या. पतित स्त्रियांसाठी कृपा सदन झाले. फुलहॅमला पाहिलेले आता स्वदेशी उभे राहिले. अंध स्त्रियांना मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकविली. सरकारी प्लेग रुग्णालयात आपल्या आश्रमातील मुलीची हेळसांड झाली, तेव्हा रमाबाईंनी वृत्तपत्रात लिहून राज्यकर्त्यांनाही जाब विचारला. राज्यकर्ते आपल्याच धर्माचे आहेत म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी हिब्रू व ग्रीक या भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. अल्पशिक्षित स्त्रीलाही ते आपले आपण वाचता यावे, ही त्यांची इच्छा. खिळे जुळविणाऱ्या, छापणाऱ्या व बांधणी करणाऱ्या मुक्तीतील स्त्रियाच होत्या. जिच्या पित्याला पत्नीस देववाणी शिकविल्याबद्दल सभेपुढे उभे राहावे लागले, त्या कन्येने धर्मग्रंथ थेट निराधार स्त्रियांच्या हाती दिला. धर्म बदलला, पण बापाचे व्रत तिने सोडले नाही, असेच आम्ही म्हणू. १९१९ मध्ये सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई गेल्या. तो आघात सोशीत रमाबाईंनी भाषांतराचे काम पुरे केले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे देह ठेवला. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले. केडगावचे कार्य आजही चालू आहे.

आता त्या वयोवृद्ध सभासदांच्या प्रश्नाचे उत्तर. रमाबाईंना ख्रिस्ती श्रद्धेत जे मिळाले ते धन नव्हे, पदवी नव्हे. पदव्या त्यांना आधीच मिळाल्या होत्या. त्यांना मिळाला तो आत्मसन्मान, आणि तो त्यांनी सहस्रावधी स्त्रियांना वाटला. हा आत्मसन्मान आपल्या घरी मिळाला असता तर त्या गेल्या असत्या किंवा नसत्या, हे कुणी सांगावे? पण आपण तो दिला नाही, हे मात्र खरे. त्यांचे जाणे हा त्यांचा निर्णय होता. त्यांना विसरणे हा आपला. पहिल्याबद्दल मतभेद असू शकेल, दुसऱ्याचे समर्थन होणार नाही.

अखेरीस मंडळास एक नम्र सूचना. आमच्या कुलवृत्तांतात आतेआजींच्या पित्याच्या नावापुढे दोन पुत्रांची नावे छापलेली आहेत व पुढे एक कन्या एवढेच शब्द आहेत. अनेक कुलवृत्तांतांत अशीच स्थिती आहे. ज्या विधवा घरात राबल्या, ज्या मुली घर सोडून गेल्या, ज्यांनी अन्य जातीत विवाह केला वा अन्य धर्म स्वीकारला, त्यांची नावे आपण गाळली. कुलवृत्तांताच्या पुढील आवृत्त्या निघतील तेव्हा प्रत्येक घराने ही नावे शोधून पाठवावीत. घरातील वृद्ध माणसे आहेत तोवरच हे काम होण्यासारखे आहे. आमच्यापुरता आरंभ आम्ही केला आहे. आतेआजींचे नाव द्वारका असे होते, आणि ते आम्ही लिहून संपादकांकडे दिले आहे.